तात्यांचं काम

लासुर्ण्याच्या मानसिंगला दुकानात एकट्यानं मोटरी दुरुस्त करताना दोन माणसांएवढं बोलायची खोड होती. प्रश्न तो आपल्या आवाजात विचारायचा, उत्तर मात्र घोगऱ्या, वडीलधाऱ्या आवाजात द्यायचा. त्या आवाजाला तो तात्या म्हणायचा. असा कुणी तात्या जन्मालाच आलेला नव्हता, पण डोकं चालायचं ते त्याचंच.

त्या दिवशी एका बंद पडलेल्या मोटरीपुढं बसून मानसिंगनं विचारलं, "तात्या, कॉइल नवी भरू का?"

"कॉइलला हात लावू नगंस. आधी बेअरिंग बघ, बिनडोक्या."

"बेअरिंग तर ठीक दिसतंय."

"दिसतंय म्हंजी? फिरवून बघितलंस का नुसतं डोळं लावून बसलायस?"

बेअरिंग खरंच जाम निघालं. मानसिंग खुशीत मागं वळला, तर अर्ध्या ओढलेल्या शटरखालून पाणी सोसायटीचे चेअरमन रामहरी आबा वाकून आत बघत होते. सोसायटीच्या साऱ्या पंपांचं वर्षभराचं काम कुणाला द्यायचं ते त्यांच्या हातात होतं, आणि त्या कामासाठी मानसिंगनं त्यांच्या घराचा उंबरा झिजवला होता.

"आत कोण बोलत हुतं रं?"

एकटाच बडबडणाऱ्या माणसाच्या हाती पंप कोण देणार? मानसिंग बोलून गेला, "आमचं तात्या. आत्ताच मागच्या दारानं गेलं."

"लई जाणता माणूस. काम तुलाच देणार हुतो, पण आता त्यास्नीच देतो. नंबर दे त्यांचा."

मानसिंगनं घाबरून बायकोचा नंबर दिला आणि घरी पळत जाऊन रेश्माचा फोन मागून घेतला.

"कुणाचा फोन येणार हाय?" तिनं विचारलं.

"माझा न्हाय. तात्याचा."

रेश्मानं आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला, मग फोन दिला. तेवढ्यात तो वाजलाच.

"तात्या, रामहरी बोलतोय. काम तुमचंच. पंपावर कधी येताय?"

मानसिंगनं आवाज घोगरा केला. "मोटरी दुकानावर धाडा, आबा. माझं गुडघं धरल्यात."

"धाडतो की. पण एक अट हाय. त्या मानसिंगला हात लावू द्यायचा न्हाय. बेअरिंग ठीक दिसतंय म्हणत हुतं येडं."

मानसिंगला भयंकर राग आला. पण स्वतःची बाजू घ्यावी तर हातातोंडाशी आलेलं काम जाणार.

"त्याची काळजी नगं," तात्या म्हणाले. "त्याला मी नुसता पाने-पक्कड द्यायला ठेवलाय. त्यापलीकडं त्याची अक्कल जात न्हाय."

काम मिळालं. रेश्मानं गोड शिरा केला. पण मानसिंगच्या मनाला ते बोलणं फार लागलं, आणि दुसरा अख्खा दिवस दुकानात तो तात्यांशी चकार शब्द बोलला नाही.