नालबंदाचं नाव

कादरचाचा इंग्रजी पिक्चर बघतात तेव्हा मोबाईलचा वरचा अर्धा भाग हाताने झाकून घेतात. नटीचा चेहरा त्यांनी आजवर धड पाहिलेला नाही. "तोंडात काय पाह्यचं, सर? पाय पाहा पाय!"

चाचा आमच्या जळगाव जामोदचे नालबंद. बैलाला दोरीने आडवं पाडून त्याच्या खुरांना लोखंडी नाला ठोकण्यात हयात गेली. आता ट्रॅक्टर आले. बाजाराच्या दिवशी एखादी जोडी आली तर आली. एरवी निंबाखाली बसून, जावयाने मोबाईलमध्ये टाकून दिलेला तोच एक जुना नाचगाण्यांचा पिक्चर. त्यातला हिरो बुटांच्या तळाला पत्रे ठोकून फरशीवर टकटक नाचतो. चाचांच्या मते ही शुद्ध नालबंदी.

"एका पायाले दोन नाला, बैलावानीच! पन एवढ्या तगड्या मानसाले पाडलं कोनं असन?"

"चाचा, बूट काढून ठोकतात."

"मंग त्यात काय मर्दुमकी?"

दुसऱ्या गाण्यात डावा पाय वाजला की ते हमखास हळहळतात. "खिळा ढिला हाये. लंगडन एखांद्या दिवशी." मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण त्या पिक्चरमधलं एक वाक्य त्यांनी मला नीट ऐकू दिलेलं नाही.

परवा मात्र त्यांनी पिक्चर सुरुवातीच्या नावांवरच थांबवला.

"सर, याच्यात त्याच्या नालबंदाचं नाव कुठं हाये?"

मी वाचत गेलो. गाणी लिहिणारा होता, कपडे शिवणारा होता, केस विंचरणारीसुद्धा होती. पत्रे ठोकणारा नव्हता. चाचा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मला राहवेना. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणालो, "हा काय! नालबंद, हेन्री."

"हेन्री," चाचांनी दोनदा म्हणून पाहिलं. "म्हंजे लिवतेत! मले वाटे, आपल्या कामात नाव नसतेच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. पत्र्याची एक पाटी पांढऱ्या रंगाने रंगवून वाळत ठेवली होती. इतक्या वर्षांत त्या निंबाला कधी पाटी नव्हती. मी ब्रश घेतला आणि 'कादर नालबंद' असं लिहिलं. चाचांनी अक्षरांवरून लांबूनच बोट फिरवलं.

"आता खाली हेन्रीचंबी लिवा."

"त्याचं कशाला, चाचा?"

"तिकडं त्यालेबी आता कोनी ईचारत नसन."

मला माझ्या थापेची लाज वाटली. पण हेन्रीचं नाव मी चांगलं घोटून लिहिलं.