निर्भय तुकडी आणि दारात अडकलेलं कपाट

गणिताला घाबरणे ही सुसंस्कृत समाजाची पहिली खूण होय. घाबरणाऱ्यांचे वर्गीकरण करणे ही दुसरी.

नाशिकच्या गंगापूर रोडवरील प्रज्ञाशिखर विद्यालयाने (मैदान नाही, भिंतीवर मैदानाचे चित्र आहे) दुसरी खूण नुकतीच प्राप्त केली. मुख्याध्यापक राकेश सरांच्या वाचनात आले की, ज्यांची अवकाशीय क्षमता कमी, म्हणजे ज्यांना एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून बघता येत नाही, त्यांना गणिताची धास्ती जास्त वाटते. सरांनी पुढचे वाचले नाही. संशोधनातले पुढचे वाचत बसले की निर्णय घेता येत नाहीत.

ताबडतोब सहावीची चाचणी झाली. ठोकळ्यांची चित्रे, चाळीस प्रश्न, वीस मिनिटे, आणि डोक्याशी शिट्टी घेऊन उभे पी.टी.चे सर. निष्कर्ष उत्साहवर्धक होते. चाचणीपूर्वी साठांपैकी नऊ मुले गणिताला घाबरत, चाचणीनंतर एकतीस. (वेळीच निदान झाल्याबद्दल शाळेने स्वतःचे अभिनंदन केले.) या एकतिसांसाठी ‘निर्भय तुकडी’ निघाली. तिथे आठवीपर्यंत भूमिती नाही, रंगकाम आहे. घाबरण्याजोगे काही शिल्लकच ठेवायचे नाही, असा हा उपचार.

सायखेड्याहून रोज एसटीने येणारी सृष्टी यादीत सतरावी होती. तिला मोठेपणी पूल बांधायचे होते. रंगवायचे नव्हते. तिची आई तानुबाई द्राक्षांच्या पॅकिंगला जातात. पालकसभेसाठी त्या खाडा करून आल्या. उरलेल्या तिसांच्या आईबापांना खाडा परवडला नाही.

पण सभेच्या खोलीत शिरताच येईना. निर्भय तुकडीच्या उत्तरपत्रिकांसाठी आणलेले लोखंडी कपाट दारातच अडकले होते. राकेश सर आणि दोन गणितशिक्षक सकाळपासून ते ढकलत होते.

“दार लहान आहे,” थोरल्या गणितशिक्षकांनी मोबाईलवर हिशेब करून सिद्ध केले.

सृष्टी म्हणाली, “आई, आडवं पाडून पाय आधी घातले, अन् आत गेल्यावर उभं केलं तर?”

“मंग! पिकअपमधी शेवटचे क्रेट आपण तसेच तर बसवतो,” तानुबाईंनी पदर खोचला. “सर, तुमी तिकडून धरा. डावीकडं घ्या. डावीकडं ओ! तो उजवा हात हाय तुमचा!”

कपाट आत गेले. बाहेर खोळंबलेल्या इतर मुलांच्या पालकांच्या टाळ्या पडल्या.

तानुबाईंनी विचारले, “मंग आता पोरीला भूमिती शिकवनार ना?”

“ताई, हे कपाट झालं,” राकेश सर मायेने म्हणाले. “चाचणीत ठोकळे होते.”

मग सृष्टीची उत्तरपत्रिका त्याच कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावले आणि निर्भय तुकडीचा ठराव मांडून नियमाप्रमाणे सभेला विचारले, “कुणाची काही हरकत?”

सृष्टी एकेका चेहऱ्याकडे बघत होती. कपाट आत जाताना सगळ्यांनीच पाहिले होते. काहींनी व्हिडिओही काढला होता. आपण (हो, तुम्हीही होतात, पंख्याखालच्या रांगेत) यादीवरून एकदा बोट फिरवले, आपले पोर त्यात नाही एवढे पाहिले, आणि टाळ्या वाजवून लाल झालेले हात मांडीवर ठेवले.

ठराव एकमताने मंजूर झाला. तानुबाई “नाय” म्हणाल्या होत्या. पण तोवर आपण चहाला उठलो होतो.