कुत्री पळवणारा माणूस

डॉक्टरांनी पळायला सांगितल्यानंतरचा तो पहिलाच दिवस. नवे बूट, नवी चड्डी आणि चोरी करायला निघाल्यासारखा चेहरा. कोपऱ्यावरच्या बंगल्याशी होयबा पोचतात न पोचतात तोच फाटक उघडलं आणि एका बाईंनी त्यांच्या हातात दोन साखळ्या दिल्या. एका साखळीला काळं, वासराएवढं कुत्रं. दुसरीला तांबडं, पायाने आखूड पण घशाने दणकट.

"उशीर केलात हो! आणि नुसतं चालवू नका, चांगलं पळवून आणा."

फाटक बंद झालं.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, "अहो, मी तो नव्हे." पण ऑफिसात त्यांना होयबा म्हणत ते काही उगाच नाही. न्हाव्याने "मिशी उडवू का?" विचारलं तेव्हाही ते 'हो' म्हणाले होते, आणि त्या दिवशी बायकोने दार उघडलं नव्हतं. तेव्हा होयबा पळाले. पहिल्या वळणावर वाटलं, मरणार. दुसऱ्यावर वाटलं, मेलोच. पण तळ्याकडच्या उतारावर तांबड्याचे कान फडफडू लागले, काळ्याने मान वळवून 'येताय ना?' असं पाहिलं, आणि होयबा चक्क मोठ्याने हसले. इतका आनंद शेवटचा कधी झाला होता, ते त्यांना आठवेना.

"कुणाची कुत्री?" कुत्री परत देऊन आलेल्या होयबांची हकिगत ऐकून बायकोने विचारलं.

"माहीत नाही."

"मग दिली कोणी?"

"त्या बाईंनी."

"त्या कोण?"

"विचारलं नाही."

"उद्या कोणी हत्ती दिला, तर त्यालाही पळवाल!"

आठवडाभर होयबा पळत राहिले. बाई रोज रागवत, कुत्री रोज अंगावर उड्या मारत, आणि होयबा रोज फाटकाशी येण्याआधी गल्लीत दोन्हीकडे बघून घेत. खरा माणूस उगवला तर ही दोघं गेलीच! पण आपण कुणाच्या तरी पोटावर पाय देतोय, हेही मनाला लागून राहिलं होतं. शनिवारी साखळ्या हातात घेतल्यावर त्यांनी हिय्या केला.

"बाई, मी तो कुत्री पळवणारा माणूस नव्हे. मी आपला सहज चाललो होतो."

बाईंचा चेहरा उतरला. "अगंबाई! मग मालकांनी सांगितलेला माणूस कुठाय?"

"मालक? म्हणजे कुत्री तुमची नाहीत?"

"माझी? मला तर मांजर पाळायचं होतं! पलीकडच्या गल्लीत कुत्री सांभाळायला ठेवून घेतात ना, ते घर समजून एक गृहस्थ इथे आले. 'सकाळी पळवायला माणूस येईल, शनिवारी ड्रायव्हर न्यायला येईल' म्हणाले आणि गेलेसुद्धा. एवढ्या विश्वासाने दिली, नाही कसं म्हणायचं?"

"नाव तरी विचारलंत?"

"कुत्र्यांचं की त्यांचं?"

"कुणाचंही!"

"भीड वाटली हो."

"मग मला रोज रागवत का होतात?"

"मालकांचा माणूस म्हटल्यावर कडक वागायला हवं, असं वाटलं. आत गेल्यावर देवाची माफी मागायचे मी."

कुणाचं काय आणि कोण कुणाचं, याचा होयबांना काही केल्या उलगडा होईना. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. ड्रायव्हर उतरला आणि साखळ्यांसाठी त्याने हात पुढे केला. "साहेबांची कुत्री न्यायला आलोय. आणा इकडे."

"नाही," कोणीतरी म्हणालं.

कोण बोललं ते बघायला होयबांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

"नाही म्हणजे?" ड्रायव्हर गोंधळला.

"नाही म्हणजे नाही," बाईही म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या. "त्यांचं पळणं व्हायचंय अजून."

"पण साहेबांनी सांगितलंय..."

"साहेबांना सांगा, पळायला गेलीत," होयबा म्हणाले.

ड्रायव्हरने एकदा होयबांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, मग कुत्र्यांकडे. तोवर बाईंनी चपला भिरकावून बूट चढवले होते. "तांबडं माझ्याकडे द्या," त्या होयबांना म्हणाल्या, आणि मग ड्रायव्हरला, "आणि हे बघा, आम्ही येईपर्यंत जरा घर सांभाळा. गॅसवर दूध आहे, उतू जाऊ देऊ नका."

"हो," ड्रायव्हर म्हणाला.