नापास जखमा

धानोऱ्याच्या दवाखान्यात मी नर्स होते तेव्हा कोणी रक्त गाळत आलं, की आधी सोमाभाऊ त्याची जखम तपासायचे आणि तिला नापास करायचे.

"हे खरचटणं आहे. याले जखम म्हणत नाई."

त्यांना कोणी नेमलं नव्हतं. फार तर अस्वलाने नेमलं होतं. तरुणपणी भाऊ मोहफुलं वेचत असताना त्याने त्यांचा डावा गाल कानापासून ओठापर्यंत फाडला, आणि त्या भांडवलावर ते रोज सकाळी माझा बाक अडवून बसत. पायावर कुऱ्हाड पडलेल्याला सांगत, "ही चीर. कडा सरळ आहेत, जुळते बरोबर. पंजाची जखम पाहाची असन तं इकडे पाहा!" आणि गाल पुढे. जखमेतून पाझरणाऱ्या पातळ पाण्याला कोणी पू म्हटलं, की भाऊंचाच अपमान होई. "लस आहे ते! पू घट्ट असते, वास मारते. बाई, काऊन नाई शिकवत यायले?"

खपली खाजवणाऱ्याची तक्रार तर थेट त्याच्या घरी जाई. "खाली नवं मांस येऊन राह्यलं, अन् हा छप्पर उडवून राह्यला!"

बायको नव्हती, पोरं नव्हती, गाल होता. बाजाराच्या दिवशी तो दाखवला, की चहा फुकट मिळे.

मग एका उन्हाळ्यात आतल्या रानातल्या गावाहून सुमीला खाटेवर घालून आणलं. लग्न ठरलेली पोर. अस्वलच, आणि गालच. डॉक्टरांनी टाके घातले. ती रडत नव्हती, एकच विचारत होती, "बाई, मावं तोंड कसं होईन?"

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलत होते, तर बाहेर भाऊंचा खोकला. म्हटलं, आलं प्रदर्शन! दार लावायला उठले, तोवर ते आतच. भर उन्हाळ्यात डोक्यावरून दुपट्टा, डावा गाल दाढ दुखत असल्यासारखा घट्ट बांधलेला. त्यांनी वाकून टाके पाहिले. बराच वेळ पाहिले.

"अस्वल म्हणे! खरचटलं आहे, पोरी. याले जखम म्हणत नाई."

सुमी हसायला गेली. टाके उसवतील म्हणून मी दोघांवर ओरडले.

टाके निघेपर्यंत भाऊ रोज तसेच येऊन घाम पुसत बसले. बाजाराच्या दिवशीही दुपट्टा सुटला नाही. चहा विकत घेऊन प्यायले. बाजारात सुमीचा बाप होता ना.