कमी साखरेचा दगड

१९९७ साली आमच्या घरात माझ्याइतकं पोषणशास्त्र कुणालाच कळत नव्हतं. मासिकांतले आहारावरचे लेख मी कात्री लावून जपायची! त्यामुळे सूनबाईने गोठलेल्या कॉफीचं यंत्र आणलं, तेव्हा मी बजावलंच, "अगं, यात आहे काय? पाणी, कॉफी आणि साखर. पोषण शून्य!"

"आई, पोहून आलेल्याला पोषण नको असतं, गारवा हवा असतो."

तिला तरणतलावाच्या उपाहारगृहाचं काम हवं होतं. त्यापायी बिचारीने नोकरी सोडली होती. दुपारी तिथले व्यवस्थापक चव घ्यायला येणार होते.

साखर मोजून ठेवून ती पेले आणायला गेली. मी निम्मी साखर गुपचूप डब्यात परत ओतली. साखर कमी, तेवढंच पोषण जास्त! माझ्यामागून आमचे हे आले. यांना मधुमेह, पण चाखायची हौस दांडगी. यांनी उरलेल्यातली निम्मी काढली आणि चवीची भरपाई म्हणून कॉफी तिप्पट घातली! मग वडिलांच्या काळजीने चिरंजीवांनीही राहिलेल्यातली निम्मी काढली आणि सगळं यंत्रात ओतून टाकलं.

साखरेमुळेच तो बर्फ भुसभुशीत राहतो, हे मेलं एकाही मासिकात नव्हतं!

व्यवस्थापक जेवून, जांभया देत आले. सूनबाईने तोटी फिरवली. यंत्र कण्हलं, थरथरलं आणि रुसलेल्या जावयासारखं गप्प बसलं. आत काळाकभिन्न दगड!

"साखर कुणी काढली?"

"मी फक्त निम्मी!" आम्ही तिघं एका सुरात!

यांनी हातोडीने एक टवका उडवून पाहुण्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो चोखला. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. सूनबाईचे डोळे भरून आले.

आणि एकाएकी साहेबांच्या जांभया थांबल्या! डोळे टक्क, गुडघा टकटक.

"अहो, आमचे जीवरक्षक दुपारी पेंगतात! परवा एक जण तोंडात शिट्टी धरून घोरत होता. दर घोरण्याला शिट्टी, आणि पोहणारे घाबरून बाहेर! हे दगड रोज पाठवा!"

"आणि लोकांसाठी?" सूनबाईने डोळे पुसत विचारलं.

"लोकांसाठी गोड करा. काम तुमचंच!"

साहेब पुढे निवृत्त झाले. हे जाऊनही बरीच वर्षं झाली. चिरंजीव यंत्रं दुरुस्त करतात. सूनबाईची आता तीन दुकानं आहेत आणि प्रत्येक दुकानाला माझ्यासाठी खास खुर्ची आहे. मऊ गादीची, हवेशीर.

फुटपाथवर!