उस्मानचाचा घड्याळ काढतात

इअरफोन कानात घालण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं. उस्मानचाचा. टिकटिक मध्ये येते म्हणे. घड्याळ काढून झालं की ते मला पंखा बंद करायला लावायचे, मग दुकानाचं काचेचं दार ओढून घ्यायला सांगायचे. यायचे तेही उपाशी, कारण जेवलेलं पोट बोलतं. एवढी तयारी करून कानाला लावायचं काय, तर माझ्या दुकानातला सगळ्यात महागडा इअरफोन. आणि विकत घ्यायचं काय, तर काही नाही.

चूक माझीच होती. नवीन पनवेलची नोकरदार पोरं भारीतले इअरफोन मागायला लागली, तेव्हा मी हौसेने बाहेर पाटी लावली, ‘घेण्याआधी ऐकून बघा.’ पोरं पाच मिनिटं ऐकायची आणि घेऊन जायची. चाचांनी मात्र पाटी फारच मनावर घेतली. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, दुपारी चारला सुकापूरहून रिक्षाने हजर.

डाव्या कानाला छोटी रबरी टोपी, उजव्याला मधली. डावा कान दमलाय, त्याला जास्त त्रास द्यायचा नाही, असं ते शेजारच्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं सांगायचे. मोबाइलला वायर जोडून डोळे मिटून बसायचे. मग इअरफोन रुमालाने पुसून परत करायचे आणि ठरलेलं वाक्य म्हणायचे, "माल उमदा हाय, शेठ. पण ती नाय आली."

ती म्हणजे हमीदाचाची. तिला जाऊन पंचवीस-सव्वीस वर्षं झाली होती. हे मला कळलं ते मी चिडलो त्या दिवशी. पंखा बंद, दार बंद, मी घामाने निथळतोय, आणि हे समाधी लावून बसलेले. घ्यायचा नसेल तर माझा वेळ कशाला खाता, असं मी तोंडावर म्हणालो. त्यांना राग आला नाही. घड्याळ बांधता बांधता त्यांनी सगळं सांगितलं.

चाचा तेव्हा मस्कतला कामाला होते. चाचीला लिहिता येत नव्हतं आणि फोन परवडत नव्हता. त्यांच्यात त्या काळी पत्र कॅसेटवर बोलून पाठवायची रीत होती. गावचा कुणी निघाला की त्याच्या बॅगेत कॅसेट. चाची अर्धा तास बोलायची, चाचा ऐकायचे आणि उत्तर त्याच कॅसेटवर, तिच्याच आवाजावर भरून परत पाठवायचे. दुसरी कॅसेट घ्यावी, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. सात वर्षं एकच कॅसेट ये-जा करत होती. शेवटचं उत्तर त्यांनी कोन गावच्या एका माणसाबरोबर धाडलं. तो पनवेलला पोचला तेव्हा चाची काविळीने जाऊन चार दिवस झाले होते. कॅसेट कुणी न ऐकताच चाचांकडे परत आली. तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत चाचांचाच आवाज होता.

पुसलेला आवाज पुरता पुसला जात नाही, खाली थोडा राहतो, असं एका टेप दुरुस्त करणाऱ्याने त्यांना कधीतरी सांगितलं होतं. आणि माझ्या महागड्या इअरफोनच्या खोक्यावर छापलं होतं की आजवर न ऐकलेले बारीक आवाज यातून ऐकू येतील. चाचांनी कॅसेट मोबाइलमध्ये उतरवून घेतली आणि माझ्या दुकानाचं दार ढकललं.

त्यानंतर पंखा मी स्वतःच बंद करायला लागलो. एका जुमेरातीला सगळ्यात वरचं मॉडेल आलं. याच्या पुढे आता काही नाही, हे मी मूर्खासारखं त्यांना आधीच बोलून बसलो होतो. चाचांनी पुरा अर्धा तास ऐकलं. मग इअरफोन काढून माझ्या हातात दिला.

"तुमी ऐका, शेठ. तुमचे कान अजून ताजे हायत."

मी माझं घड्याळ काढून ठेवलं. कानात तरुण उस्मान घाईघाईने बोलत होता. खोकला गेला, आता रातचा पण येत नाय. लोणचं मिललं, बरणी फुटली नाय. सालन मीच बनवतो, मीठ जास्त पडतं. मी जीव कानात आणून ऐकलं. खाली कुणीही नव्हतं. पण चाचा माझ्या तोंडाकडे असे बघत होते की माझ्याने राहवलं नाही.

"चाची विचारतायत, खोकला गेला का."

चाचा पुढे सरकले. मग त्यांनी विचारलं, आवाज कसा हाय तिचा? हळू बोलतात, मी चाचरत म्हणालो.

चाचा हसले. हमीदा बोलायला लागली की तीन घरं सोडून कोंबड्या उठायच्या, म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याच्या दुःखात आपण खोटं नाणं खपवायला गेलो, याची लाज वाटली. चाचांनी घड्याळ उचललं, पण बांधलं नाही.

"पण खोकल्याचं तिने विचारलं व्हतं, ते खरं हाय," ते हळूच म्हणाले. "अजून काय विचारते?"

तेव्हापासून इअरफोन माझ्या कानात असतो. त्यांचं उत्तर ऐकायचं आणि तिचा प्रश्न मोठ्याने सांगायचा, हे माझं गुरुवारचं काम. बरणी धड पोचली का? जेवण कोण बनवतं? चाचा डोळे मिटून मान हलवतात. कधी मला दुरुस्त करतात. ती ‘धड’ नाय म्हणायची, ‘साबूत’ म्हणायची. मग मी तो प्रश्न पुन्हा नीट विचारतो.

कॅसेटच्या अगदी शेवटी तरुण उस्मान म्हणतो, "औंदा नाय जमत, हमीदा. मालिक छुट्टी देत नाय. पुढच्या ईदला नक्की." तिथे मी इअरफोन काढतो आणि उठून पंखा लावतो. तेवढा एक प्रश्न मी त्यांना अजून सांगितलेला नाही. त्यांनीही कधी विचारलेला नाही.