नारळाच्या मापाचं टोपडं

आमच्या शेजारचे नेमूअण्णा नारळाला टोपडं घालतात.

वेडेबिडे नाहीत हो! निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं कारकुनी करून रिटायर झालेला सरळ माणूस आहे. फक्त तान्ह्या बाळांची टोपडी विणतात आणि मापाला नारळ वापरतात. आईनं बाळाच्या डोक्याभोवती दोरा धरून तो पाठवायचा, मग अण्णा बाजारात जाऊन तेवढ्या घेराचा नारळ शोधणार. नारळवाला मला एकदा म्हणाला, "बाई, लोकं नारळ वाजवून घेत्यात, ह्ये दोरा लावून घेत्यात." टोपडं नीट बसलं की दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी पद्माक्का त्याच नारळाची चटणी करतात.

आता तुम्ही म्हणाल, बाळ पलीकडच्याच घरात असताना नारळ कशाला? तर अण्णा बाळाला हात लावत नाहीत. भितात.

तसे ते सगळ्यालाच भितात. कुकर लावला की अंगणात जाऊन उभे राहतात आणि तिसरी शिट्टी झाली की आत येतात. अनोळखी नंबरचा फोन आला की तो पद्माक्कांच्या पदरात टाकून मोकळे होतात. बेळगावची बस तर त्यांनी सहा वर्षांपूर्वीच सोडली, वाटेत घाट आहे म्हणून. "अण्णा, रोज शेकडो गाड्या जातात की त्या घाटातनं," मी म्हणायची. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "जात्यात की. पन काय हुईल सांगता येत न्हाय!"

रिटायर झाल्यावर तर त्यांचे हात कापायला लागले. चहा कपात कमी आणि बशीत जास्त. डॉक्टर म्हणाले, आजारबिजार काही नाही, हाताला काम द्या. मी शाळेत मुलींना विणकाम शिकवते, म्हणून पद्माक्का माझ्याकडे आल्या. मी सुया आणि उरलेली लोकर घेऊन गेले.

"बाई, टाका गळला तर?" अण्णांचा पहिला प्रश्न.

"गळला तर उचलायचा. पोलीस येत न्हाईत त्याला."

पहिलं टोपडं महिनाभर चाललं. किती वेळा उसवलं ते त्यांनाच ठाऊक. एका ओळीला एक णमोकार मंत्र म्हणायचा, अशी त्यांची मोजणी. बाहेर कुणाला कळू नये ही आणखी एक धास्ती, म्हणून दाराला कडी. पाहुणा आला की विणकाम गादीखाली सरकवून त्यावरच बसायचे, आणि सुई टोचली की ताडकन उभे राहून हात जोडायचे. पाहुणा बिचारा भारावून जायचा, एवढा मान त्याला सासरीसुद्धा मिळाला नसेल!

ते टोपडं गल्लीच्या टोकाच्या घरातल्या बारशाला गेलं. बायकांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "कुणी इणलं गं?" अण्णा दाराकडे सरकत होते. पद्माक्कांनी त्यांच्या सदऱ्याला धरून म्हटलं, "ह्यांनी." कुणी हसलं नाही. एका बाईनं तर तिथल्या तिथं सुनेसाठी दुसरं सांगितलं. त्या दिवशी अण्णा गल्लीच्या मधोमध चालत घरी आले. एरवी भिंतीच्या कडेनं चालणारा माणूस! पुढं पुढं कडीही निघाली आणि चहाही कपात राहायला लागला. पण बाळ पुढे केलं की दोन्ही हात मागे. "हातातनं सुटलं तर? काय हुईल सांगता येत न्हाय."

पद्माक्कांनी एकदा मला सांगितलं होतं, की लेक त्रिशला झाली तेव्हासुद्धा अण्णांनी तिला उचललं नाही. ती स्वतः चालायला लागली आणि येऊन त्यांचं बोट धरलं, तेव्हा कुठं बाप-लेकीची गाठ पडली. मी तेव्हा पोट धरून हसले होते. आज त्याची लाज वाटते.

त्रिशला ही त्यांची एकुलती एक. लग्न होऊन बेळगावला अनगोळात असते. तिला दिवस गेले, तरी अण्णा तिच्यासाठी सुईला हात लावेनात. बाळ जन्माला यायच्या आधी कपडे करायचे नाहीत, हा रिवाज त्यांनी सुतकासारखा पाळला. बाळ सुखरूप झालं की बघू, तोवर नावही काढायचं नाही.

आठवा महिना लागता लागताच फोन आला. मुलगी झाली होती, सव्वा किलोची, आणि काचेच्या पेटीत होती. पद्माक्का लगेच निघाल्या. अण्णा मागे राहिले, घाट आडवा आला ना!

दोन दिवसांनी जावयाचा पुन्हा फोन. डॉक्टर म्हणतात डोकं उबदार ठेवा, आणि दुकानातली टोपी पोरीच्या हनुवटीपर्यंत येते. त्यानं डोक्याचा घेर सांगितला. अण्णांनी तेवढा दोरा कापला आणि बाजारात गेले. तासाभरानं परत आले ते माझ्याच दारात. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"बाई, एवढा नारळच नसतोय," ते म्हणाले आणि पिशवीतून मोसंबी काढली.

मी ती मोसंबी हातात घेतली. एरवी मी थट्टा केली असती. एवढंसं डोकं! मी कसंबसं म्हटलं, "अण्णा, मी विणू का? लवकर हुईल."

"न्हाई. माजं मी करतो."

भरदुपारी, बाहेरच्या कट्ट्यावर, सगळ्या गल्लीदेखत ते विणायला बसले. ओठ हलत होते, सुया चालत होत्या. एकही टाका गळला नाही. शेवटची ओळ बंद करून त्यांनी टोपडं मोसंबीवर चढवलं, बंद बांधला, सोडला आणि म्हणाले, "बाई, बसपातुर येता? एकट्याला धाडस न्हाई."

मी बसपर्यंत गेले आणि बसमध्येही चढले. घाट लागला तसे त्यांनी डोळे मिटले. आणि नेमका वळणावर त्यांच्या खिशातला फोन वाजला. पद्माक्का! आम्ही दोघं त्या नावाकडे बघत राहिलो. मी म्हणजे गल्लीतली तोंडाळ, कुणाला न भिणारी बाई. खरं सांगते, माझा हात पुढे झाला नाही. अण्णांनी डोळे उघडले, टोपडं छातीशी धरलं आणि फोन कानाला लावला.

"कुटंवर आलायसा?" पलीकडून पद्माक्कांचा खणखणीत आवाज. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

दवाखान्यात डॉक्टर सरळच म्हणाले, "काय होईल ते आत्ताच सांगता येत नाही." अण्णांचंच वाक्य. इतकी वर्षं त्यांच्या तोंडून ऐकून मी हसत आले होते. त्या दिवशी मात्र मी पद्माक्कांचा हात घट्ट धरला.

आईखेरीज एकालाच आत सोडत होते. अण्णांना हात धुवायला लावले, अंगावर हिरवा गाऊन चढवला. मी आणि पद्माक्का काचेबाहेर. त्रिशला आत खुर्चीवर बसलेली. नर्सनं टोपडं पाहिलं आणि पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, "अज्जा, नीवे हाक्री." आजोबा, तुम्हीच घाला.

"ब्याड्री, ब्याड्री," नको नको म्हणत अण्णांचे दोन्ही हात मागे गेले.

त्रिशला म्हणाली, "आप्पा, घाला की. तुमच्याच मापाचं हाय."

अण्णांनी एकदा त्रिशलाकडे पाहिलं, एकदा पेटीकडे. मग त्यांचे हात हळूच पुढे आले. पेटीच्या गोल झरोक्यातून आत गेले. एका तळव्यावर त्यांनी ते डोकं घेतलं आणि दुसऱ्या हातानं टोपडं चढवलं. बंद बांधताना बोटं जराही कापली नाहीत. टोपडं नीट बसलं. तरी हात काढेनात. नर्सनं दोनदा सांगितलं तेव्हा कुठं बाहेर आले.

"पद्मा," ते म्हणाले, "गरम हाय गं डोकं. नारळ गार असतोय." आणि भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडले. पद्माक्का म्हणाल्या, "त्रिशलाचं बी गरमच होतं की ओ."

परतताना बेळगावच्या स्टँडबाहेर ते नारळाच्या गाडीपाशी थांबले. दोरा काढला नाही. एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला. शेवटी गाडीवरचा सगळ्यात मोठा नारळ घेतला. वेळेआधी काही करायचं नाही म्हणणारा माणूस!

"अण्णा," मी घाबरतच विचारलं, "एवढं मोठं डोकं?"

अण्णांनी बसमध्ये नारळ मांडीवर घेतला, पिशवीतून सुया काढल्या आणि पहिला टाका घातला.

"हुईल की," ते म्हणाले.